गुरुजींच्या माघारी

परवा नात 'प्रारंभिक'च्या परीक्षेला बसली. परत आल्यावर म्हणाली, "आजी, परीक्षक बाहेरगावचे होते. आमच्या बाईच जास्त घाबरल्या होत्या!" मला हसू आलं. १९६२ साली मी 'प्रवेशिका'ला बसले तेव्हा आमचे मास्तरही असेच दारात येरझारा घालत होते. तेव्हा वाटलं होतं, आपले मास्तर आपल्याला ओळखतात, मग हा परका माणूस कशाला? त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, इतिहास वाचताना मिळालं.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. १९०१ मध्ये त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी भरून मिळवायची विद्या त्यांनी वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं यांत आणली. शिकवणारे तयार व्हावेत म्हणून मुलांना वर्षानुवर्षं स्वतःजवळ ठेवून घेतलं. विनायकराव पटवर्धन १९०७ साली लाहोरला गेले ते असेच, नऊ-दहा वर्षांचे असताना.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघालं. मोठी इमारत उभी राहिली, त्याबरोबर कर्जही उभं राहिलं. शेवटी सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. सारा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर होता, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजी गेले.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. शिष्य तोवर चहूकडे पांगले होते. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात, बा. र. देवधर मुंबईत. ओंकारनाथ ठाकूर तर अवघ्या देशात गाजलेले. प्रत्येकाचा गळा वेगळा, स्वभाव वेगळा. गवयांची जात मानी! प्रत्येकाने आपापली गादी चालवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्याच वर्षी ते अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. एका माणसाचं काम अनेकांनी वाटून घेतलं. पुढे अभ्यासक्रम एक झाला, परीक्षा एक झाल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या गावोगावच्या मुलांना ठाऊक झाल्या. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढलं, १९३९ मध्ये त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत. १९४७ ला लाहोर सीमेपलीकडे गेलं, पण शिकवण्याची रीत तोवर इकडे रुजली होती.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. भातखंड्यांची स्वरलिपी वेगळी, पलुस्करांची वेगळी. तो दुभंग राहिलाच. परीक्षेपुरते चार राग घोकून पुढे तंबोऱ्याला हात न लावणारी मुलं मीही पाहिली आहेत. गायक परीक्षेने घडत नाही, हे जुन्या बुवांचं म्हणणं खरंच आहे.

पण मी शाळामास्तरीण आहे, मला दुसरी बाजू दिसते. आमच्या तालुक्याच्या गावात कुठला गवई आणि कुठलं घराणं! मुलींना तर बुवांच्या घरी राहून शिकणं अशक्यच. छापील अभ्यासक्रम आणि वर्षातून एकदा येणारा तो परका परीक्षक नसता, तर यमन आणि भूप माझ्या वाट्याला आलेच नसते. त्या परक्या माणसामुळे आमचे एकटे मास्तर एकटे राहिले नव्हते. आपण शिकवतो ते बरोबर आहे की नाही, हे त्यांना सांगणारं दुसरं कुणी होतं. ती भीती नव्हती, तो आधार होता.

मी गायिका झाले नाही. पण नात रियाजाला बसली की तिचा चुकलेला निषाद मला स्वयंपाकघरातूनही कळतो. मी आतूनच ओरडते, "निषाद वर घे गं!" एवढं मला मिळालं, ते पांगलेले शिष्य एकत्र बसले म्हणून.