एका शिळेचे अनेक पत्ते

भेडाघाटला येणारा प्रवासी बहुधा नर्मदेचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहून जबलपूरला परततो. टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या वर्तुळापर्यंत चढून जाणारे थोडे. आणि त्या चौसष्टांच्या जागा मोजू गेल्यास एक्क्याऐंशी भरतात, हे ध्यानात घेणारे त्याहूनही थोडे. नावावर विसंबू नये, हा धडा तेथे दारातच मिळतो. भेडाघाटच्या एका शिलालेखाच्या बाबतीत अभ्यासकांनाही तो गिरवावा लागला आहे.

त्रिपुरीचा कलचुरी राजा गयाकर्ण याच्या मागे त्याचा पुत्र नरसिंहदेव राज्य करीत असता राजमाता अल्हणदेवीने वैद्यनाथ या नावाने शिवाचे मंदिर उभारले. सोबत मठ, व्याख्यानशाला आणि उद्याने केली, दोन गावे तोडून दिली आणि व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत तपस्व्याकडे सोपविली. हा सारा वृत्तांत शिळेवर कोरला गेला. काव्य शशिधराचे, लेखन त्याचा भाऊ पृथ्वीधर याचे, कोरणारा महीधर, अशी प्रत्येकाच्या कामाची नोंदही तेथे आहे. शेवटी संवत् ९०७, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, रविवार एवढा काळ दिला आहे. हा संवत् कोणाचा, ते मात्र सांगितलेले नाही. त्या काळच्या वाचकाला ते सांगण्याची गरजच नव्हती.

पुढच्यांची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. विक्रम संवत् धरला तर लेख नवव्या शतकात जातो आणि शक धरला तर दहाव्या. कलचुरींचा स्वतःचा संवत् होता हे उमगल्यावरही त्याचा आरंभ केव्हाचा, हा प्रश्न उरलाच. कनिंगहॅम यांनी इ. स. २४९ धरले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून पुढे जर्मनीत गेलेले कीलहॉर्न यांनी अशा अनेक लेखांतील तिथी आणि वार गणिताने पडताळून तो आरंभ २४८ मध्ये नेला. त्या हिशेबाने भेडाघाटचा दिवस ६ नोव्हेंबर ११५५ येतो, आणि त्या दिवशी खरोखरच रविवार होता. 'रविवार' हा शब्द लेखकाने बहुधा केवळ रूढी म्हणून घातला असेल. सातशेहून अधिक वर्षांनी साक्षीला तोच उपयोगी पडला.

आता या लेखाच्या पत्त्यांकडे वळावे. तो प्रथम प्रसिद्ध केला फिट्झएडवर्ड हॉल यांनी. हे अमेरिकन पंडित सागर येथे शाळाखात्याचे निरीक्षक होते. त्यांचा निबंध अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात १८६० साली आला आणि शिळाही सोसायटीच्या न्यू हेवन येथील संग्रहात गेली. निबंधाच्या शीर्षकाचा आशय 'दगडावर कोरलेले दोन संस्कृत लेख' इतकाच होता. त्यात ना गाव, ना राणी, ना राजवंश. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या दुसऱ्या खंडात तो राणीच्या नावाने छापला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ साली कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो महासंग्रह सिद्ध केला, त्यात तो राजाच्या, म्हणजे नरसिंहाच्या लेखांत बसला.

शिळा एकच, पण कोणी तिला खंड आणि पृष्ठाने ओळखतो, कोणी संपादकाचे नाव आणि वर्ष लिहितो, कोणी संग्रहातील क्रमांक देतो. यात भर अशी की, अल्हणदेवी मेवाडच्या गुहिल विजयसिंहाची कन्या आणि माळव्याच्या परमार उदयादित्याची दौहित्री. म्हणून मेवाड, माळवा आणि त्रिपुरी या तिन्हींचे इतिहासकार हीच शिळा साक्षीला बोलावतात, तेही प्रत्येकजण आपल्या ओळखीच्या नावाने. नवख्याला त्या तीन वेगळ्या शिळा वाटल्या, तर त्याचा दोष नाही.

हे दुखणे केवळ इतिहासाचे नाही. प्राणिशास्त्रज्ञ मार्क यांनी १८८१ मध्ये हार्वर्ड येथे लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याची रीत वापरली. वैद्यकाच्या अनेक मासिकांत मजकुरात केवळ आकडा आणि शेवटी यादी अशी पद्धत होती, पण त्या यादीचीही तऱ्हा मासिकागणिक निराळी. एका मासिकाने निबंध परत पाठविला की दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी सारी यादी पुन्हा टंकलिखित करणे आले. अखेर १९७८ च्या जानेवारीत काही संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले व त्यांनी एक सामाईक नमुना ठरविला. टंकलेखनाचे श्रम वाचले, हा लाभ तसा किरकोळच. रोग्याला द्यावयाच्या मात्रेचा आकडा मूळ कोणाच्या प्रयोगातून आला, हे चिकित्सकाला गाठता येणे अधिक मोलाचे आहे.

हॉल पुढे इंग्लंडात स्थायिक झाले आणि १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी विनावेतन राबले. त्या कोशात शब्दाचा प्रत्येक दाखला साल, ग्रंथकार, ग्रंथ आणि स्थळ यांसह द्यावा लागे. ज्याच्या निबंधाच्या शीर्षकात भेडाघाटचे नाव नव्हते, त्याच गृहस्थाने उरलेले आयुष्य इतरांचे पत्ते बिनचूक करण्यात घालवावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

मिराशींच्या संग्रहाची शिस्त मात्र आदर्श मानावी लागते. लेख कोठे सापडला, आधी कोणी व कोठे छापला, हे ते पाठापूर्वीच सांगून टाकतात. त्यामुळे त्रिपुरीचा अभ्यासक 'कीलहॉर्न' म्हणो की मेवाडचा अभ्यासक 'हॉल' म्हणो, मिराशींचे पान उघडताच दोघेही त्याच टेकडीखालच्या गावी पोहोचतात. शिळेची भेट घ्यावयाची तर पुढे न्यू हेवनचा रस्ता धरावा लागतो, हेही त्यांना तेथेच कळते.