ऑब्जेक्ट कॅशिंग (सर्व्हरवरील)

वेब सर्व्हरने एका विनंतीसाठी तयार केलेला डेटा (डेटाबेसमधली नोंद, हिशेबाचे उत्तर, पानाचा तयार भाग) पुढच्या विनंत्यांसाठी हाताशी ठेवण्याची पद्धत. पीएचपीमध्ये विनंती संपताच चलांतील माहिती पुसली जाते, म्हणून ती बाहेर ठेवावी लागते. त्यासाठीचे मेमकॅश्ड हे सॉफ्टवेअर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिले.

विकिपीडियावरचा ‘विजयदुर्ग’ हा लेख घ्या. तो दाखवण्यासाठी मीडियाविकीला (विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरला) मूळ मजकूर वाचून, साचे (अनेक पानांत वापरायचे सामाईक तुकडे) उलगडून एचटीएमएल बनवावे लागते. काम खर्चिक, म्हणून बनलेले एचटीएमएल पार्सर कॅशमध्ये राहते. लॉग-इन न केलेल्या वाचकाची विनंती तर बहुधा तिथवरही जात नाही; वाटेतला कॅश-सर्व्हरच पान देतो. आशियासाठी असे केंद्र २०१८ पासून सिंगापूरला आहे.

साठवणे सोपे, शिळे कधी झाले हे ओळखणे अवघड. लेख संपादित केला की त्याची जुनी प्रत रद्द होते. पण एखादा साचा बदलला, तर तो वापरणारी सगळी पाने शिळी ठरतात. ती रांगेने नव्याने बनतात, आणि ‘बदल केला पण दिसत नाही’ ही तक्रार तिथूनच येते. नुसती मुदत घालून दिली तर मुदतीपर्यंत चूक तशीच राहते.

दुसरा धोका झुंबडीचा. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन यांच्या निधनानंतर त्यांच्यावरचा लेख सतत संपादित होत होता. प्रत रद्द होताच असंख्य विनंत्या तेच पान एकाच वेळी बनवू लागल्या आणि विकिपीडियाचे सर्व्हर कोलमडले. त्यावर पूलकाउंटर आले: एकाने बनवायचे, बाकीच्यांनी थांबायचे. नुसते वाचक वाढण्यात मात्र हा धोका नाही. विजयदुर्गात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्या दिवशी वाचक वाढले तरी लेखात बदल नसेल तर सर्व्हरला फरक पडत नाही.

ऑब्जेक्ट ज्या ‘की’ने ओळखायचा, तिच्यात उत्तर ज्यावर अवलंबून आहे ते सगळे यावे: भाषा, आवृत्ती, वापरकर्ता. वापरकर्ता राहिला तर एकाची खासगी माहिती दुसऱ्याला दिसते. एकट्याने केलेल्या चाचणीत हे सापडत नाही, म्हणून हा सर्वांत वाईट दोष. शेवटी, कॅशवर कुठे विसंबायचे हेही ठरवावे लागते. गणपतीसाठी गावी जाणाऱ्या गाडीतली शिल्लक आसने शोधपानावर कॅशमधून दाखवली तरी चालेल. तिकीट देताना मात्र डेटाबेसलाच विचारावे.