पहिला वार कुणाचा?

गिचिन फुनाकोशी (1868–1957) यांनी कराटेसाठी वीस सूत्रे घालून दिली. पहिले वंदनाचे, ते कुणालाही पटते. दुसरे अवघड आहे : कराटेत पहिला वार नाही. मुलींना शिकवताना तर अधिकच. केंद्र सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना कराटेसारख्या आत्मरक्षेचे धडे मिळतात. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरसारख्या गावात ‘गप्प बस, सहन कर’ ऐकत वाढलेल्या मुलीकडून हे सूत्र नुसते पाठ करून घेतले, तर ती त्याचा अर्थ ‘मार खा’ असाच लावेल. सूत्राचा तो अर्थ मुळीच नाही.

अर्थ सरावातच सापडतो. फुनाकोशींच्या शोतोकान शैलीत नवखा विद्यार्थी सहसा ‘हेइआन शोदान’ ही काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, आधी शिकतो. तिच्यात डावीकडे वळायचे, डावी मूठ उजव्या कानापासून खाली गुडघ्यापर्यंत झटकायची आणि येणारी लाथ उडवायची, ठोसा त्यानंतर. पण लाथ निघाली आहे, म्हणजे हल्ला सुरू झालेलाच आहे. अंगाला लागेपर्यंत थांबा, असे काता सांगत नाही. शितो-र्यू या कराटे शैलीचे संस्थापक केनवा माबुनी यांनीही या सूत्राचा असा भाबडा अर्थ नाकारला होता. आपला कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 40 नुसार धोक्याची रास्त भीती निर्माण होताच शरीराच्या बचावाचा हक्क सुरू होतो. परंपराही बचावाच्याच बाजूची आहे. लोणी भापकरच्या भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळ आहेत. गुरे राखताना, गाव राखताना पडलेल्यांसाठी असे दगड उभारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. राखण्यासाठी उचललेल्या हाताचा मान इथे नवा नाही.

कलम 37 मात्र बजावते, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको. कराटेची खरी नीती मला इथे दिसते. सरावात पूर्ण वेगाने निघालेला ठोसा जोडीदाराच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. ज्याला थांबवता येत नाही, त्याला मारताही येत नाही, असे मी म्हणेन. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 7 ऑगस्ट 2021 रोजी 75 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदीचा तारेग हामेदी 4–1 ने पुढे होता. त्याची लाथ इतकी जोरात बसली की इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. हामेदी अपात्र ठरला आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेला सुवर्ण मिळाले.

शाळेतल्या योजनेच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात मनगट सोडवणे, अंतर राखणे, बेंबीच्या देठापासून ओरडणे एवढे जमते, आणि तेही मोलाचे आहे. पण हात आवरायला वर्षे लागतात. त्यामुळे योजनेचे महिने संपले, तरी शाळेच्या पटांगणावरचा वर्ग चालू राहिला पाहिजे.