मूल न्यावे की दारू?

दिवाळीच्या सुटीची घंटा झाली की वर्ग क्षणात रिकामा होतो. एका वर्षी मात्र एक मुलगा दप्तर आवरीत बसून राहिला. कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा बापाच्या हाती आला होता आणि त्या पैशाची वाट कोठे जाते, हे त्या पोराला ठाऊक होते. मी त्याच्या आईला गाठून म्हटले, "बाई, असल्या मुलांना दुसरीकडे ठेवण्याची सोय कायद्यात आहे." ती म्हणाली, "पोरगं नेलं त घर रिकामं होईन, गुरुजी. त्याच्या बापाची दारू तेवढी न्या न!"

तिच्या या बोलण्यामागे शतकाहून मोठा इतिहास आहे. इंग्लंडात 1908 साली मुलांचा कायदा झाला. दारूच्या सवयीमुळे आईबाप मुलाच्या सांभाळास नालायक ठरले, तर मूल त्यांच्याकडून काढून घ्यावे, असे त्यात होते. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते : मुलाला छळणाऱ्या अट्टल दारुड्या पालकास, त्याची तयारी असेल तर, तुरुंगाऐवजी दारू सोडविणाऱ्या संस्थेत पाठवावे. मुंबई इलाख्यात 1924 साली आणि मध्यप्रांतात 1928 साली मुलांचे कायदे झाले.

आपल्याकडे दारूशी लढा झाला तो मुख्यतः गुत्त्याच्या दारात. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1880 साली नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर 1993 साली दारूबंदी आली; चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली. आमच्या यवतमाळच्या बायाही बंदीची मागणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या सगळ्या आयाच होत्या. परंतु दुकानाला कुलूप लागले, तरी पिणाऱ्याच्या मनातली तहान उरतेच.

त्या तहानेकडे आजार म्हणून पाहणारे एक घर पुण्यात 1986 साली उभे राहिले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे ते मुक्तांगण. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बोलावतात. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने दहा साध्या प्रश्नांची एक चाचणी तयार केली. पिणे हाताबाहेर जाण्याआधीच ते ओळखावे आणि माणसाशी न रागावता चार शब्द बोलावेत, हा तिचा हेतू. अशा थोड्या बोलण्यानेही पुष्कळांचे पिणे कमी होते, असे पुढे दिसून आले. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकाएकी सोडू नये. त्यात जिवाला धोका असतो.

आजचा 2015 चा बाल न्याय कायदाही सांगतो की, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. मग पहिला उपाय कोणता? माझ्या मते, जी बाल कल्याण समिती मुलाची विचारपूस करते, तिच्याच दारातून बापाला दवाखान्याची वाट दिसली पाहिजे.

त्या मुलाच्या बापाला आम्ही दोघातिघांनी सरकारी रुग्णालयात नेले. तो एकदा घसरला, पुन्हा गेला. पुढच्या दिवाळीत घंटा झाली, तेव्हा मी मागच्या बाकाकडे पाहिले. बाक रिकामा होता. पोरगा सर्वांच्या आधी घरी पळाला होता.