आरसा गेला, चकत्या राहिल्या

कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली काही वर्षे एक चमत्कारिक वस्तू दिसते. रूप १९७०-८० च्या काळातील फिल्मच्या कॅमेऱ्याचे. चंदेरी माथा, काळे कातड्यासारखे आवरण, वर आकडे कोरलेल्या चकत्या. आत मात्र फिल्म नाही आणि त्या काळच्या कॅमेऱ्यात असे तो आरसाही नाही. भिंग बदलता येणारा, बिनआरशाचा, जुन्या वळणाचा हा डिजिटल कॅमेरा चांगला की नुसता शोभेचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी कॅमेरा घ्यायचा झाला तर तो शिक्षकांनाही पडतो. आमच्या मते याचे उत्तर किमतीच्या पत्रकात नसून उपकरणाच्या इतिहासात आहे. कोणता भाग कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आला हे कळले, की त्याची आजची किंमत ठरवता येते. उदाहरणासाठी आपण निकॉन कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ. एक १९८२ सालचा एफएम-२ आणि दुसरा त्याच्याच चेहऱ्याचा, २०२१ साली आलेला झेड-एफसी.

आरसा कशासाठी आला?

कॅमेऱ्यातील आरसा फार जुना आहे. १६८५ साली जर्मनीतील योहान झान याने आपल्या ग्रंथात हातात धरता येईल अशा अंधारपेटीची चित्रे दिली. तीत ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रतिमा वरच्या काचेवर पाठवतो. छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतर १८६१ साली इंग्लंडमध्ये थॉमस सटन याने एकाच भिंगाच्या आरसायुक्त कॅमेऱ्याचे पेटंट घेतले.

अडचण साधी होती. फिल्मवर प्रकाश एकदाच पडू द्यायचा असतो, म्हणजे चित्र घेण्यापूर्वी फिल्म झाकलेली हवी. मग भिंगाला काय दिसते हे छायाचित्रकाराने पाहायचे कसे? १९२५ सालच्या लायका कॅमेऱ्यात आरसा नव्हता. त्यात पाहण्यासाठी भिंगाशेजारी वेगळी खिडकी होती. पण खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे जवळच्या वस्तूच्या बाबतीत दिसणारे एक आणि फिल्मवर येणारे दुसरे असे होई. एक डोळा मिटून जवळचे बोट पाहा, मग दुसरा मिटून पाहा. बोट सरकल्यासारखे वाटते, तोच हा दोष.

आरशाने हा दोष नाहीसा केला. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो आणि डोळ्याला दिसतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. ड्रेस्डेन येथे तयार झालेल्या १९३६ च्या किने एक्झॅक्टाने ही रचना ३५ मिलिमीटर फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यात आणली. १९४९ च्या कॉन्टॅक्स-एस मध्ये पंचकोनी लोलक आला आणि डोळ्यासमोर धरलेल्या कॅमेऱ्यात प्रतिमा सुलट, डावे-उजवे न बदलता दिसू लागली. या लोलकामुळेच कॅमेऱ्याच्या माथ्यावर ते ओळखीचे उंचवटे आले. १९५४ च्या जपानी असाहिफ्लेक्स-२बी मध्ये आरसा चित्र घेतल्यावर आपोआप खाली येऊ लागला. १९५९ च्या निकॉन एफ पासून हीच रचना व्यावसायिकांच्या हाती रुळली.

आरशाची किंमत

उपाय मिळाला, पण फुकट नव्हे. आरसा वर-खाली व्हायला जागा लागते. निकॉनच्या या मालिकेत भिंग बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आता २८ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचा विचार करा. साधे बहिर्वक्र भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्यामागे २८ मिलिमीटरवर पाडते. म्हणजे ते फिल्मच्या तितके जवळ हवे, पण तेथे तर आरसा आहे! यावर पुढच्या बाजूला अपसारी भिंगे लावून प्रतिमा मागे ढकलण्याची युक्ती निघाली. फ्रान्समधील आँजेन्यू यांनी १९५० साली अशी भिंगे बाजारात आणली. युक्ती उत्तम, पण काचा वाढल्या, वजन वाढले.

डिजिटल संवेदक आल्यावर मूळ अडचणच संपली. फिल्म फक्त नोंदवते, संवेदक मात्र पाहतो आणि नोंदवतो. तो दर सेकंदाला अनेकदा वाचता येतो आणि ते चित्र मागच्या पडद्यावर किंवा डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दाखवता येते. मग आरसा हवा कशाला? २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ ने या तऱ्हेच्या कॅमेऱ्यांची सुरुवात करून दिली. निकॉनने २०१८ साली काढलेल्या झेड मालिकेत ते ४६.५ मिलिमीटरचे अंतर १६ वर आले. जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्याला लावण्यासाठी मध्ये जे कडे बसवतात त्याची जाडी किती असेल? विद्यार्थ्यांना वजाबाकी करू द्या. उत्तर ३०.५ मिलिमीटर.

चकत्यांचा इतिहास

आरशाप्रमाणे चकत्याही शोभेसाठी आल्या नव्हत्या. एफएम-२ चे शटर संपूर्ण यांत्रिक होते. शटरची चकती फिरवली की आतील यंत्रणा प्रत्यक्ष बदले. तिच्यावर एक सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंत वेग कोरलेले होते. बटणाएवढे दोन घट फक्त प्रकाशमापकासाठी, ते संपले तरी चित्र घेता येई. प्रकाशछिद्राचे आकडे भिंगावरच्या कड्यावर असत. तात्पर्य, चकतीवरचा आकडा हा यंत्राच्या स्थितीचे थेट वाचन होता.

१९८५ च्या मिनोल्टा ७००० ने आपोआप केंद्रीकरण आणले, त्याबरोबर बटणे आणि द्रवस्फटिकाचा छोटा पडदाही आणला. आकडे आत गेले, आज्ञा विजेच्या झाल्या. यात सोय होतीच. पण कॅमेरा बंद असताना त्याच्याकडे पाहून तो काय करणार आहे हे सांगता येईनासे झाले. २०१२ च्या फुजीफिल्म एक्स-प्रो-१ सारख्या कॅमेऱ्यांनी चकत्या पुन्हा माथ्यावर आणल्या आणि झेड-एफसी याच वाटेने आला. त्यात फिल्म गुंडाळण्याच्या कडीच्या जागी संवेदनक्षमतेची, म्हणजे आयएसओची, चकती आहे. लोलकाच्या उंचवट्यात आता छोटा विद्युत पडदा बसला आहे.

जमेची बाजू

पहिला गुण आटोपशीरपणा. निकॉनच्याच २०१७ सालच्या आरसायुक्त डी-७५०० मध्येही झेड-एफसी इतकेच, म्हणजे २ कोटी ९ लाख चित्रबिंदू आहेत. घट आणि कार्डासह डी-७५०० चे वजन सुमारे ७२० ग्रॅम, तर झेड-एफसी चे ४४५ ग्रॅम. दुसरा गुण, चित्र किती उजळ येणार ते बटण दाबण्यापूर्वीच दिसते. तिसरा गुण, कड्याच्या साहाय्याने घरातली जुनी निकॉन भिंगे वापरता येतात. केंद्रीकरण हाताने करावे लागते. संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने ५० मिलिमीटरचे भिंग ७५ मिलिमीटरसारखे दृश्य देते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा गुण शिक्षकांच्या कामाचा. शटरच्या चकतीवर ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० हे आकडे ओळीने दिसतात. प्रत्येक पायरीला वेळ निम्मी होते. (६० नंतर १२० ऐवजी १२५ हा सोयीचा पूर्णांक घेतला आहे.) भूमितीश्रेणी हाताखाली टकटक करत फिरते. पडद्यावरील यादीतून आकडा निवडताना हा अनुभव येत नाही.

उणी बाजू

आरशातून पाहायला वीज लागत नव्हती. येथे संवेदक आणि पडदा सतत चालू असतात. डी-७५०० एका भारणात प्रमाणित चाचणीनुसार ९५० चित्रे घेतो, तर झेड-एफसी छोट्या पडद्यातून पाहिल्यास तीनशेच्या आसपास. झेड-एफसी चा घट आकारानेही लहान आहे, पण सहलीला निघालेल्या शाळेला फरक जाणवणारच. हात हलल्यास सावरणारी यंत्रणा अंगात नाही. ती भिंगात असेल तरच मिळते. जुन्या रूपाच्या हौसेपायी पुढे बोटांना धरायला उंचवटा दिलेला नाही, त्यामुळे जड भिंग लावले की हात अवघडतो.

पण आम्हाला सर्वांत गंभीर वाटणारी उणीव निराळीच आहे. ती म्हणजे चकती खोटे बोलू शकते. झेड-एफसी मध्ये चकतीजवळ कामाची पद्धत निवडण्याचा एक दांडा असतो. तो पी किंवा ए वर असेल तर शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. चकतीवर १२५ दिसत असताना प्रत्यक्षात वेग १/१००० असू शकतो. स्वयंचलित आयएसओ चालू असेल तर त्या चकतीचेही तसेच. प्रकाशछिद्राचा आकडा भिंगावर नसून एका चिमुकल्या खिडकीत दिसतो. एफएम-२ मध्ये आकडा आणि यंत्रणा दातेऱ्यांनी जोडलेली होती. येथे आकडा ही एक विनंती आहे आणि ती मानायची की नाही हे आज्ञावली ठरवते. २०१४ च्या फुजीफिल्म एक्स-टी-१ मध्ये असा दांडा नाही. शटरच्या चकतीवर आणि बहुतेक भिंगांच्या कड्यावरच ए हे अक्षर आहे. कॅमेऱ्यावर सोपवायचे असेल तर तेच अक्षर समोर आणायचे. ही रचना अधिक प्रामाणिक म्हणायला हवी.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा भेद महत्त्वाचा वाटतो. काटा हलतो म्हणून मापन होते असे नाही. काटा कशाला जोडला आहे हे माहीत हवे.

वर्गात काय करावे?

असा कॅमेरा हाती आलाच तर दांडा एम वर ठेवा आणि स्वयंचलित आयएसओ बंद करा. आता चकत्या खऱ्या बोलू लागतील. उजळ प्रकाशात फिरणाऱ्या पंख्याचे १/३० सेकंद आणि एफ १६ वर चित्र घ्या. मग शटर पाच पायऱ्या पुढे, म्हणजे १/१००० वर न्या. प्रकाश ३२ पटींनी घटेल. तो भरून काढायला छिद्र ११, ८, ५.६, ४, २.८ असे पाच पायऱ्या उघडा. २८ मिलिमीटरच्या एफ २.८ भिंगाने हे साधते. दोन्ही चित्रांचा उजळपणा जवळजवळ सारखा येईल, पण पाती एकात पुसट आणि दुसऱ्यात बरीच स्पष्ट असतील. नंतर दांडा पी वर करून तीच शटरची चकती फिरवायला सांगा. चित्रात काहीच बदलणार नाही. असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

केवळ जुन्या रूपासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आम्ही सुचवू. हेच चित्र साध्या चेहऱ्याचा कॅमेराही देतो. मात्र आकडे फिरवून, चुकून, पडताळून प्रकाशाचा हिशेब शिकायचा असेल, तर या चकत्यांना अजून काम आहे. अट एवढीच, की त्या कशाला जोडलेल्या आहेत हे आधी विचारायचे.