दातांची कातडी

एखादा थोडक्यात वाचला की इंग्रजीत तो 'बाय द स्किन ऑफ हिज टीथ' सुटला म्हणतात. दातांना कुठली आलीय कातडी?

या वाक्प्रचाराचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, ईयोबाच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे. ईयोबाची संपत्ती गेली, मुलं दगावली, अंगभर गळवं उठली. हाडांना कातडी चिकटलेला ईयोब मित्रांपुढे आपली दैना सांगताना 'दातांच्या कातडीनिशी' निसटल्याचं बोलतो. हिब्रूतले शब्द हेच. त्यांच्या अर्थावर मात्र अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी हिरड्या म्हणतं, कुणी दातांवरचं पातळ कवच. संत जेरोमने लॅटिन भाषांतरात 'दातांभोवतीचे ओठ' तेवढे उरले, असं लिहून वाट काढली. 1560च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलने हिब्रूला धरून दातांची कातडी ठेवली, 1611च्या किंग जेम्स आवृत्तीने ती राखली, आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ग्रंथातून ती बोलण्यात उतरली. अवघड शब्द गुळगुळीत न करणाऱ्या त्या भाषांतरकारांचे उपकारच मानायला हवेत.

'स्किन' हा शब्दही मूळचा इंग्रजी नव्हे. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला. इंग्रजीचा स्वतःचा 'हाइड' मग मुख्यतः जनावरांच्या चामड्यापुरता उरला.

1942 साली नाटककार थॉर्नटन वाइल्डरने हाच वाक्प्रचार नाटकाच्या शीर्षकात घेतला, फक्त दात 'आपले' केले. हिमयुग, महापूर आणि युद्ध यांतून जेमतेम तगणाऱ्या एका कुटुंबाच्या या नाटकाला 1943चं पुलित्झर मिळालं.