गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुनर्रचना

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी कंडरेचा तुकडा बसवून सांध्याचे स्थैर्य परत मिळविण्याची शस्त्रक्रिया. मांडीचे हाड व नडगी यांना सांध्याच्या आत जोडणारे दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात, म्हणून त्यांना स्वस्तिकबंध म्हणतात. पुढील बंध नडगीला पुढे सरकू देत नाही. पाय जमिनीत रोवलेला असता शरीर एकाएकी वळल्यास तो तुटतो. कबड्डी व खोखो यांत असे प्रसंग वारंवार येतात. वऱ्हाडात या खेळांची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखविली होती. अमरावती, मूर्तिजापूर, अकोला या पट्ट्यातील खेळाडूंचा खेळ ज्या दुखापतींमुळे सुटतो, त्यांत हिची गणना होते.

इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे तुटलेले बंध टाके घालून जोडले. त्या रुग्णाला गुण आला, तथापि ही पद्धत पुढे भरवशाची ठरली नाही. सांध्यातील द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही व बंध सांधला जात नाही, हे त्याचे कारण. म्हणून बंध शिवण्याऐवजी नवा घालण्याचा विचार पुढे आला. ब्रिस्टलचे हे ग्रोव्ह्‌ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील बाजूच्या प्रावरणीची पट्टी हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवली. आजच्या शस्त्रक्रियेचे मूलतत्त्व हेच आहे. केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला तृतीयांश भाग वापरला. पुढे मांडीच्या मागील स्नायूंच्या कंडरा दुमडून वापरण्याची पद्धतही रूढ झाली. १९८० मध्ये डेव्हिड डँडी यांनी संधिदर्शकाच्या साहाय्याने, सांधा न उघडता, ही शस्त्रक्रिया केली. त्या दशकात वापरलेले कृत्रिम धाग्यांचे बंध मात्र झिजून तुटू लागले व त्यांच्या कणांमुळे सांध्याला सूज येऊ लागली.

बसविलेली कंडरा आरंभी निर्जीवप्राय असते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरून तिचे हळूहळू बंधात रूपांतर होते. या काळात ती कमकुवत असते. त्यामुळे वेदना थांबल्या म्हणजे बंध पक्का झाला, असे समजणे घातक ठरते. स्नायूंचे व्यायाम नियमाने करून साधारणतः नऊ महिन्यांनंतरच मैदानात उतरणे हितावह असते. प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी व्यायामोपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली नाही. परंतु गुडघा वारंवार लचकत असल्यास दुर्लक्ष करू नये; प्रत्येक लचकेबरोबर सांध्यातील कूर्चेच्या गाद्या फाटण्याची व पुढे संधिवात जडण्याची शक्यता वाढते.